हलीमासाठी न मागितलेलं

दवाखान्यातून सुटताना मोठे डॉक्टर मला म्हणाले होते, "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. नव्या पेशंटांना धीर येईल असं काहीतरी लिहून द्या. गप्प राहणं लोकांना फार जड जातं." मी हो म्हटलं आणि वर्षभर कागदाला हात लावला नाही. धीर येईल असंच लिहायचं तर एक गोष्ट गाळावी लागली असती, आणि ती गाळली की बाकीचं सगळं खोटं झालं असतं. म्हणून आता सगळंच लिहिते. ज्याला त्यातलं जे घ्यायचं ते त्यानं घ्यावं.

घसा बसला

मी चिंचवड गावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. सातवीची फायनल परीक्षा पास झाले, लग्न झालं, आणि सासरच्यांनी नोकरी करू दिली, याचंच तेव्हा लोकांना नवल वाटायचं. आमचे हे पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता तिथे फिटर होते. घरात आम्ही दोघं, तीन वर्षांची मंगल आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

दिवाळीनंतर माझा घसा बसला. चाळीस मुलींचा वर्ग, वर खडूची धूळ, बाईंचा घसा बसणारच, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत होते. ज्येष्ठमध चघळलं, हळद घालून दूध प्याले, मिठाच्या गुळण्या केल्या. संक्रांत आली तरी आवाज सुटेना. पाढे म्हणून दाखवताना मधूनच नुसती हवा बाहेर पडायची आणि पुढच्या रांगेतल्या मुली तोंडाला हात लावून हसायच्या. मग संध्याकाळची कणकण सुरू झाली. मग गिळताना थेट कानापर्यंत कळ जायला लागली. हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपराकडे सरकू लागल्या तेव्हा आत्याबाईंनी माझा हात धरून बघितला आणि गावातल्या गणपतीपुढे जाऊन बसल्या. दुपारपर्यंत आल्या नाहीत.

माझं माहेर देहूच्या अलीकडचं. देवाशी बोलायचं ते मोकळ्या गळ्यानं, टाळ वाजवत, अशा घरात मी वाढले. वडील म्हणायचे, तो बहिरा नाही, पण आपण मुकं का राहावं? मला देव आहे की नाही असा प्रश्न कधी पडलाच नव्हता. घरात चूल आहे की नाही हे कुणी विचारतं का?

उंबऱ्यात

पुण्याच्या डॉक्टरांनी कपाळाला गोल आरसा बांधला, दांडीचा एक छोटा आरसा ज्योतीवर गरम केला आणि माझ्या घशात धरला. मग छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो हातात आल्यावर ते यांना म्हणाले, "त्यांना जरा बाहेर बसू द्या."

मी उठले नाही. त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "मला सांगा. घसा माझा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "क्षय आहे. छातीत आहे आणि घशात उतरलाय." मग फोटो पाकिटात घालता घालता विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"मुलगी आहे," हे म्हणाले.

"जवळ घेऊन झोपता?"

तेवढ्यावर मला सगळं समजलं. आगगाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले, पदर नाकातोंडावर दाबून.  खडकीच्या पुढे हे म्हणाले, "आता इंजेक्शनं आलीत. पूर्वीसारखं नाही राहिलं."

घरी आलो तेव्हा मंगल अंगणात चिंचोक्यांशी खेळत होती. "आई" म्हणत धावत आली. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि दोन्ही हात मागे घेतले. यांनी तिला मध्येच उचललं. ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करून रडत होती, आणि मी माझे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. त्या दिवसाचं मला इतर काही आठवत नाही.

शेवटचा प्रश्न

दवाखाना नदीपलीकडच्या माळावर होता. लांबलचक दगडी इमारती, पुढे व्हरांडे, व्हरांड्यात ओळीनं लोखंडी खाटा. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "घशाला संपूर्ण विश्रांती. बोलायचं नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही, त्यानं जास्त ताण पडतो. हसायचं नाही. खोकला आला तरी दाबून धरायचा प्रयत्न करायचा."

"किती दिवस?" मी विचारलं.

"हा तुमचा शेवटचा प्रश्न," ते म्हणाले. "आता बरं होईपर्यंत पाटीवर लिहायचं."

मी चार वर्षं मुलींना पाटी धरायला शिकवलं होतं. आता सिस्टरनं माझ्या उशाला पाटी ठेवली.

दिवस ठरलेले असायचे. पहाटे तोंडात थर्मामीटर. मग दूध आणि कच्चं अंडं. आमच्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी ते ओकले, आठव्या दिवशी डोळे मिटून गिळायला लागले. मग कमरेत इंजेक्शन. त्यानं कानात सतत भुंगा घोंगावायचा आणि उभं राहिलं की जमीन तिरकी व्हायची. दुपारी दोन तास निपचित पडायचं, पुस्तकसुद्धा हातात धरायचं नाही. सोमवारी वजन. काट्यावर चढताना आम्ही सगळ्या बायका परीक्षेला बसल्यासारख्या दिसायचो. वजन वाढलं की कुणी बोलून दाखवायचं नाही, कारण शेजारच्या खाटेवरचीचं कमी झालेलं असायचं.

पण खरे हाल होते ते गिळण्याचे. पाण्याचा घोटसुद्धा काट्याच्या फांदीसारखा उतरायचा. डोळ्यांतून पाणी यायचं आणि ओरडायची सोय नव्हती.

त्या पहिल्या महिन्यात मी देवाला जितकं विनवलं तितकं आयुष्यात विनवलं नव्हतं. तोंड बंद, पण आत अखंड चालायचं. आधी म्हटलं, बरी कर. मग म्हटलं, बरी नको करू, मंगल मोठी होईपर्यंत ठेव. मग म्हटलं, ती शाळेत जाईपर्यंत ठेव. असं मी माझं मागणं रोज थोडं थोडं लहान करत गेले, की लहान असलं तर तो देईल. शेवटी इतकंच उरलं होतं की आजचं दूध कळ न येता गिळू दे. तेही झालं नाही.

हलीमा

माझ्या डाव्या हाताच्या खाटेवर हलीमा होती. चाकणची. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वय बावीस, लग्नाला पाच वर्षं, मूल नव्हतं. दोन्ही फुप्फुसं धरली होती. तिला उठायची बंदी होती, मला बोलायची. ती हसून म्हणायची, "आपल्या दोघींची मिळून एक बाई व्हईल."

मी पाटीवर तिला काहीतरी लिहून दाखवलं तर ती म्हणाली, "मास्तरीणबाई, मला काय बी वाचता येत न्हाई. हातानं सांगा." मग मी हातानं सांगायला शिकले. तिला बोलायचंही थोडंच अशी ताकीद होती, पण तिला ते जमायचं नाही.

तिची आई रहिमानबी दर रविवारी चाकणहून दोन एस.टी. बदलून यायची. नवरा पहिले काही रविवार आला, मग येईनासा झाला. त्याबद्दल हलीमा बोलायची नाही. आईनं तिला डब्यात स्वच्छ माती आणून दिली होती. पाण्यानं हातपाय धुवायला उठता येत नाही म्हणून हलीमा त्या मातीवर तळवे टेकवून चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायची आणि पडल्या पडल्या, नुसत्या मानेनं आणि डोळ्यांनी नमाज पढायची. आधी मला ते विचित्र वाटायचं. मग मी तिच्या नमाजाची वाट बघायला लागले. तेवढा वेळ तिचा खोकला थांबायचा.

एक दिवस नमाज झाल्यावर ती माझ्याकडे वळली. "तुमी काय मागता वो मनात? दिसभर ओठ दाबून असता."

मी हातानं दाखवलं, लहान मूल.

"लेकीसाटी व्हय." तिनं मातीच्या डब्याचं झाकण लावलं. "आसं करू या का? तुमचं बोलनं बंद हाय. तुमच्या वाटचं मी मागते, तोंडानं. माझं तुमी मागा, मनातनं. अम्मा म्हनती, दुसऱ्यानं मागितल्यालं लवकर पोचतं."

मी मान हलवली. इतकंच नाही, मी हात पुढे केला आणि तिनं आपली गरम, कोरडी बोटं त्यावर ठेवली.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी माझं नाव घेऊन दुआ मागायची. मला ऐकू यावी अशी, मराठीतून. "या अल्ला, हिचा गळा बरा कर. हिच्या लेकीला हिची हाक ऐकू दे." आणि मग विचारायची, "माझं मागितलं का?" मी हो म्हणून मान हलवायचे. तीन आठवडे ते खरं होतं.

कडुनिंबाखाली

मुलांना वॉर्डात येऊ देत नसत. दुसरा महिना संपताना यांनी डॉक्टरांना विनंती करून मंगलला आणलं आणि व्हरांड्यासमोरच्या कडुनिंबाखाली उभं केलं. तीस-चाळीस पावलांवर. आत्याबाईंनी तिला नवं परकर-पोलकं घातलं होतं. मी खाटेवर उठून बसले आणि हात हलवला.

ती ओरडली, "आई!"

मी हात हलवला.

"आई, बोल ना!"

मी तोंडावर बोट ठेवलं, मान हलवली, पुन्हा हात केला. तिला काय समजणार? ती दोनदा, तीनदा हाक मारत राहिली. माझ्या घशापाशी तिचं नाव आलं होतं. डॉक्टर व्हरांड्याच्या टोकाला उभे होते, त्यांनी नुसतं बोट वर केलं. मी नाव गिळलं. मंगल थोडा वेळ बघत राहिली, मग तिनं तोंड फिरवलं आणि आत्याबाईंच्या लुगड्यात घातलं. परत माझ्याकडे बघितलंच नाही. जातानासुद्धा नाही.

आत्याबाई मागाहून एकट्या व्हरांड्यापाशी आल्या. त्यांचं बोलणं नेहमीच कडक. "रडू नगंस, छाती भरंल. पोरगी हाय, इसरती आन् आटवती." मग इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "तात्या आलं हुतं घरी. म्हनलं, पोरानं आता दुसरं बघावं. मी म्हनलं, आदी तुमच्या घरात दुसरी आना, मग हितं सांगाया या." आणि पदर खोचून निघून गेल्या. चुलतसासऱ्यांनी हे काढलं आहे हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. मी हसावं की रडावं, दोन्हींची मनाई होती.

त्या संध्याकाळी दूध आलं तेव्हा सवयीनं आतून विनवणी सुरू झाली आणि मी ती बंद केली. दार लावून घ्यावं तशी. मी त्याला म्हटलं, दोन महिने मी तुझ्यापुढे नाक घासतेय. माझं पोर माझ्यासमोर उभं राहून हाका मारत होतं आणि तू मला दोन अक्षरं दिली नाहीस. आता तू मला ओळखत नाहीस आणि मी तुला ओळखत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हलीमानं माझी दुआ मागितली, आधीसारखीच. मग विचारलं, "माझं मागितलं का?"

मी मान हलवली.

खोटी मान

हेच ते, जे मला गाळता आलं असतं.

मी साधारण अडीच महिने रोज खोटी मान हलवली. पाटीवर लिहायचं असतं तर कदाचित खोटं लिहिलं नसतं. मान हलवायला काहीच लागत नाही. तिला खरं सांगावं असं मनात यायचं, पण हातानं ते कसं सांगायचं? "मी देवाशी भांडले" हे कुठल्या खुणेनं दाखवायचं? ही मी शोधलेली सबब होती. सिस्टरला पाटी वाचून दाखवायला सांगता आलं असतं. खरं हे की ती माझ्यासाठी मागत होती आणि ते मला सोडायचं नव्हतं. स्वतः देवाला ओळखत नव्हते, पण तिनं माझं नाव घ्यायला विसरू नये म्हणून मी कान लावून पडायचे.

आणि मी सुधारत होते. पाणी सुखानं उतरू लागलं. सोमवारी काटा वर जाऊ लागला. हलीमाचा खाली येत होता. तिची इंजेक्शनं बदलून बघितली, फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत सुई घालून हवा भरायचा प्रयत्न केला, जमला नाही. तिच्या गालांवर दोन लाल ठिपके दिसायचे, नवख्या माणसाला ते तब्येतीचं लक्षण वाटलं असतं.

एकदा ती म्हणाली, "तुमचं पोचाय लागलंय बगा. माझंबी पोचंल. जरा येळ लागंल, तुमी मनातनं मागताय न्हवं, आवाज न्हाई त्याला." तिनं हे थट्टेनं म्हटलं. मी पुन्हा मान हलवली.

मग एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, वॉर्डात ऊन आलेलं असताना, तिला रक्ताची उलटी झाली. पहिली थोडी. सिस्टर धावल्या, पडदा ओढायला गेल्या. त्या मधल्या क्षणात हलीमानं माझ्याकडे बघितलं. तिच्या हनुवटीवर रक्त होतं. ती म्हणाली, "बाई, आज जोर लावून मागा."

मी हात जोडले. खरोखर जोडले. अडीच महिन्यांनी मी त्या बंद दारावर धडक मारली. आणि माझ्या तोंडून, म्हणजे मनातून, जे बाहेर पडलं ते असं होतं: मला असं होऊ देऊ नकोस. मला नको. मला नको.

तिचं नाव आलंच नाही. मी ते आणायचा प्रयत्न केला. पडद्यामागून तो आवाज येत होता आणि मी हात जोडून स्वतःसाठीच मागत होते, थांबताच येत नव्हतं. मग आवाज थांबला.

जेवणाच्या वेळेपर्यंत खाट रिकामी झाली होती. गादी उन्हात टाकली, लोखंड फिनेलनं पुसलं. मातीचा डबा कुणीतरी खिडकीत ठेवला होता. रहिमानबी दुपारनंतर आली. तिनं डबा उचलला, माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि गेली. मला वाटलं, या हाताला ठाऊक असतं तर?

बरं होणं

माझं मागणं मान्य झालं. मला तसं झालं नाही.

आणखी तीन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी आरसा घशात धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "भरून आलंय. आजपासून दिवसाला पाच शब्द."

सिस्टर म्हणाल्या, "पहिलं देवाचं नाव घ्या, बाई." सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं आणि नुसतं "हं" असं काहीतरी निघालं, दार करकरल्यासारखं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंडावर चादर ओढून घेतली. त्यांना वाटलं, आनंदानं रडतेय.

घरी आले तेव्हा आवाज आला होता, पण तो माझा नव्हता. जाड, घोगरा, वरच्या पट्टीत गेला की तुटणारा. मंगल पहिले काही दिवस मला "त्या बाई" म्हणायची. मग एकदा ती अंगणात पडली, गुडघा फुटला, आणि रडत आत्याबाईंना ओलांडून माझ्याकडे आली. आत्याबाई म्हणाल्या, "म्या सांगितलं न्हवतं?" आणि चुलीकडे वळून डोळे पुसले.

मी दवाखान्यात गेल्यापासून त्यांनी माझ्यासाठी मीठ सोडलं होतं. हे मला घरी आल्यावर समजलं. गावात पेढे वाटताना त्या सांगत होत्या, देवानं ऐकलं. मी एकदा यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, देवानं ऐकलं?"

हे सायकल पुसत होते. म्हणाले, "इंजेक्शनानं बरी झालीस तू."

"हलीमालाही तीच इंजेक्शनं होती."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते इतकंच म्हणाले, "मी कारखान्यात रोज यंत्रांशी बोलतो. यातलं मला कळत नाही. पण तुला चाकणला जायचं असलं तर मी येतो."

 हलीमानं माझ्यासाठी मागितलं, ते मिळालं. आत्याबाईंनी मागितलं, मिळालं. मी शेवटी स्वतःसाठी मागितलं, मिळालं. हलीमासाठी मी मागितलं नाही, आणि ती गेली. हा हिशेब इतका स्वच्छ लागत होता की तो पुन्हा पुन्हा मांडल्याशिवाय राहवेना. मी मागितलं असतं तर ती वाचली असती असं मानलं तर मी तिला मारलं. नसती वाचली असं मानलं तर तिच्या दुआनं मी वाचले हेही खोटं. यातलं कुठलंही एक मला गिळता येत नव्हतं.

चाकण

नाशिकच्या फाट्यावरून आम्ही एस.टी. धरली. रहिमानबी घरी नव्हती. शेजारणीनं सांगितलं, बाजाराजवळच्या वखारीत कांदा निवडायला गेलीय. पत्र्याच्या छपराबाहेर उन्हात कांद्याचे ढीग होते आणि पाच-सहा बायका निवडत होत्या. हे फाटकाशी थांबले. मी जवळ गेले. तिनं मला लगेच ओळखलं.

"बोलाया लागला?" ती म्हणाली. तिनं माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. घोगऱ्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत. तीन आठवडे मागितलं, मग सोडलं, आणि रोज खोटं सांगितलं. शेवटच्या दिवशी काय मागितलं तेही सांगितलं. इतर बायकांचे हात थांबले होते. रहिमानबीचे चालू होते. एक कांदा या ढिगात, एक त्या ढिगात.

कांद्यांवरची नजर न काढता ती म्हणाली, "ती मला दर रविवारी सांगायची. अम्मा, बाई माझ्यासाटी मागत्यात. शिकल्याली बाई हाय, तिचं कोन न्हाई आयकनार?" तिनं वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यात राग होता. "तेवढ्यावर माझी पोर झोपायची. आन् तुमी आज ते काढून घ्याया आला?"

तिनं एक सडका कांदा बाजूला फेकला.

"कशाला आला सांगाया? तुमचं वझं हलकं कराया?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काही म्हणणं खोटं झालं असतं.

ती पुन्हा कांद्यांकडे वळली. मी जायला निघाले. चार पावलं गेले असेन, मागून ती म्हणाली, "थांबा."

मी वळले.

"आला हायसा तर मागून जावा."

"आता?" मी म्हणाले. "आता काय मागू?"

"ते मी सांगू व्हय? तुमी कबूल क्येलं हुतं. आता तोंडबी हाय तुमाला."

मी तिथेच, कांद्याच्या सालपटांत, खाली बसले. हात जोडले. बायका बघत होत्या, फाटकातून हे बघत होते. सहा महिन्यांहून जास्त मी देवाचं नाव घेतलं नव्हतं, आणि तो तिथे आहे अशी खात्री तेव्हाही वाटली नाही. आजही रोज वाटते असं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "देवा, हलीमा..." आणि आवाज तुटला. खाकरले. पुन्हा म्हटलं, "देवा, हलीमा आता तुझ्याकडे आहे. तिला धड श्वास घेता येऊ दे. तिला उठून बसता येऊ दे. मी तिच्यासाठी मागायला फार उशीर केला, त्याचा राग तिच्यावर काढू नकोस."



रहिमानबीनं हातातला कांदा खाली ठेवला होता. तिनं दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाली, "आमीन."

मग ती रडायला लागली. मी तिला हात लावायला धजले नाही. तिनंच अंगाखालचं गोणपाट थोडं माझ्याकडे सरकवलं, मी त्यावर सरकून बसले, आणि ती रडत होती तोवर तिच्या पुढ्यातले कांदे निवडत राहिले.